जुनी लेन्स, नवी बॉडी : इन्फिनिटी न लागणं, अपर्चर न हलणं आणि बाकीच्या कटकटी

फिल्मच्या काळातली लेन्स अडॅप्टर (लेन्स आणि बॉडी जोडणारं मधलं कडं) घालून मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर चढवली आणि काही बिघडलं, तर बहुतेक वेळा लेन्स निर्दोष निघते. दोष मधल्या अडॅप्टरचा असतो, नाहीतर मेनूतल्या एखाद्या सेटिंगचा. तरी पहिला स्क्रूड्रायव्हर फिरतो तो लेन्सवरच; साप सोडून भुई धोपटायचा प्रकार. खालचा क्रम त्यासाठीच आहे : आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग मोजमाप, मग शिम (जाडी भरून काढणारी पातळ चकती), आणि लेन्स उघडणं सगळ्यात शेवटी, तेही दुसऱ्याच्या हातून.

लक्षणं

- शटर दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. स्क्रीनवर ‘लेन्स नाही’ किंवा ‘लेन्स नीट बसलेली नाही’ असा संदेश.
- लांबचं काहीच शार्प होत नाही, जवळचं मात्र उत्तम.
- उलट प्रकार : रिंग शेवटपर्यंत जायच्या आधीच लांबचं शार्प होतं आणि पुढे पुन्हा धूसर होतं. रिंगवरचे मीटरचे आकडे खोटे पडतात.
- अपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) लहान-मोठं करणारी रिंग फिरते, पण उजेड बदलत नाही. लेन्स कायम पूर्ण उघडी किंवा कायम बारीक.
- झूमवर लांबच्या टोकाला फोकस केला आणि झूम मागे आणला की चित्र धूसर.
- फोटोची एकच बाजू मऊ.
- अपर्चर बारीक केलं की मध्यभागी धुरकट पांढरा ठिपका.
- लेन्स बसते, पण डुगडुगते. किंवा अर्ध्या वाटेत अडकते.
- स्थिर हातानेही फोटो हललेला येतो, विशेषतः बॉडीतलं स्टॅबिलायझेशन चालू असताना.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचंच. एक लक्षण, एक कारण असं गणित इथे चालत नाही.

१. आधी कागदावर वजाबाकी

प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स अडकवायच्या सांध्याचं, फ्लँज-अंतर ठरलेलं असतं : माउंटच्या धातूच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर. लेन्स त्याच अंतरावर इन्फिनिटी (अगदी दूरच्या वस्तूवरचा फोकस) देईल अशी बनवलेली असते. अडॅप्टरची जाडी म्हणजे जुन्या माउंटचं अंतर वजा नव्या माउंटचं अंतर. वजाबाकी ऋण आली, तर साध्या पोकळ अडॅप्टरने इन्फिनिटी लागणं शक्यच नाही, आणि पुढचं काही तपासायची गरज उरत नाही.

नेहमी लागणारी अंतरं, मिलिमीटरमध्ये :

- निकॉन एफ ४६.५
- ऑलिंपस ओएम ४६.०
- कॉन्टॅक्स-याशिका ४५.५
- एम४२ स्क्रू आणि पेंटॅक्स के ४५.४६
- मिनोल्टा ए, म्हणजेच सोनी ए ४४.५
- कॅनन ईएफ ४४.०
- मिनोल्टा एमडी ४३.५
- कॅनन एफडी ४२.०
- लायका स्क्रू २८.८, लायका एम २७.८
- कॅनन आरएफ आणि एल-माउंट २०.०
- मायक्रो फोर थर्ड्स १९.२५
- सोनी ई १८.०
- फुजी एक्स १७.७
- निकॉन झेड १६.०

निकॉन एफची लेन्स सोनी ईवर लावायची तर अडॅप्टर २८.५ मिमी हवा, झेडवर लावायची तर ३०.५. एफडी ते सोनी ई २४.०. आता एम४२ची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसावाल्या डिजिटल बॉडीवर) : ४५.४६ वजा ४६.५, म्हणजे उणे एक मिलिमीटर. एफडीची लेन्स ईएफ बॉडीवर : उणे दोन. अशा जोड्यांसाठी काच बसवलेले अडॅप्टर मिळतात. ती काच हलक्या टेलिकन्व्हर्टरसारखं काम करते, फोकल लांबी थोडी वाढवते आणि पूर्ण उघड्या अपर्चरला चित्र मऊ करते. ती काच काढली तर लेन्स फक्त जवळच्या वस्तूंसाठी उरते. पोर्ट्रेट किंवा मॅक्रोसाठी ते चालतं, डोंगरांसाठी नाही.

एम४२ आणि पेंटॅक्स के यांचं अंतर सारखंच, म्हणून तिथला अडॅप्टर जाडीला शून्य हवा. पेंटॅक्सचा मूळ अडॅप्टर माउंटच्या आत पूर्ण बुडतो. नकली अडॅप्टरला बाहेर एक पातळ कड असते, सुमारे एक मिलिमीटरची. एवढ्या कडेने ५० मिमी लेन्सचा सर्वात लांबचा फोकस अडीच मीटरवर येऊन थांबतो. ‘लेन्स खराब निघाली’ म्हणून विकायला निघालेल्या कित्येक जुन्या लेन्स या कडेच्या बळी असतात.

२. मेनू

बहुतेक जुन्या लेन्सना इलेक्ट्रिक संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी समोर काहीच बसवलेलं नाही. सोनी, फुजीफिल्म, कॅननच्या आरएफ बॉडी, पॅनासॉनिक या सगळ्यांच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचं एक सेटिंग आहे. ते चालू केलं की पहिलं लक्षण गेलं. फर्मवेअर अपडेट किंवा रीसेटनंतर हे सेटिंग मूळ जागी जाऊ शकतं, म्हणून ‘काल चालत होतं, आज नाही’ अशी तक्रार आली की आधी इथेच बघावं.

दुसरी नोंद स्टॅबिलायझेशनची. बॉडीला फोकल लांबी कळत नसेल तर ती हाताने भरावी लागते. सेन्सर किती सरकवायचा हे त्या आकड्यावरून ठरतं. १३५ मिमी लेन्स लावली आणि नोंद ५० ची राहिली, तर थरथर अर्धीमुर्धीच भरून निघते. उलट, नोंद १३५ ची आणि लेन्स २८ ची असेल तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त धावतो आणि बॉडी स्वतःच फोटो हलवते. लेन्स बदलली की आकडा बदलायचाच. जुन्या झूमवर सगळ्यात जास्त वापरली जाणारी फोकल लांबी भरावी. खात्री करायची असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करून १/५०० सेकंदाला तोच फोटो घ्यावा. तो शार्प आला तर लेन्स आणि अडॅप्टर दोघेही सुटले.

एक्सपोजरसाठी अपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल. शटर प्रायॉरिटीत बॉडी अपर्चर हलवू पाहते, आणि ते तिच्या हातात नाही.

३. हाताने आणि डोळ्याने

कॅमेरा बंद. आधी अडॅप्टर बॉडीवर लावून फिरवावा. खटका ऐकू आला पाहिजे. मग लेन्स अडॅप्टरवर, पुन्हा खटका. पिन खाचेत पडली नाही तर लेन्स काही अंश कमी फिरलेली राहते. ती पडू शकते, हे झालंच. शिवाय अपर्चरची तरफ जिथे पोचायला हवी तिथे पोचत नाही.

डुगडुग असेल तर ती कोणत्या सांध्यात आहे हे आधी ठरवावं. एक हात बॉडीवर, दुसरा अडॅप्टरच्या कड्यावर. हलला तर बॉडीकडचा सांधा. मग अडॅप्टर धरून लेन्स हलवावी. बेयोनेटच्या (फिरवून अडकवायच्या माउंटच्या) अडॅप्टरमध्ये लेन्सच्या पाकळ्यांना दाबून धरायला तीन चपटी, चिरलेली पानं असतात. बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर त्या चिरेत घालून किंचित, केसभर, उघडलं की पकड घट्ट होते. जास्त उघडलं तर पान मोडतं, आणि मोडलेलं पान पुन्हा बसत नाही. ढिलाई बॉडीच्या माउंटमध्येच असेल आणि कंपनीची मूळ लेन्सही डुलत असेल, तर तिथेच थांबावं. बॉडीच्या माउंटखाली कंपनीने बसवलेल्या शिम असतात. त्या हलल्या तर प्रत्येक लेन्सचं गणित बिघडतं.

एम४२ च्या आट्यांकडे नीट बघायला हवं. टी-माउंटच्या दुर्बीण अडॅप्टरचा आणि आरसावाल्या टेलिफोटोचा व्यासही ४२ मिमीच असतो, पण आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी, आणि एम४२ ची पूर्ण एक मिमी. दोन्ही एकमेकांत एक-दीड फेरा जातात आणि मग घट्ट होतात. जोर लावला तर आटे चढतात आणि मग लेन्स बाहेर येत नाही. दोन बोटांनी फिरत नसेल तर उलटं फिरवून बाहेर काढावं, पिच तपासावी. फ्लँज-अंतरही वेगळंच असतं, टी-माउंटचं ५५ मिमी. म्हणजे आटे कसेबसे जमले तरी फोकस जमणार नाही.

फुजिनॉनच्या काही एम४२ लेन्सना अपर्चर रिंगच्या मागे एक छोटं टोक बाहेर आलेलं असतं. ते रुंद तोंडाच्या अडॅप्टरला टेकतं, लेन्स शेवटपर्यंत बसत नाही आणि इन्फिनिटी जाते. टोक कानसून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यापेक्षा अरुंद तोंडाचा अडॅप्टर घ्यावा. टोक गेलेलं परत येत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं : लेन्सची मागची काच किती बाहेर येते. लेन्स इन्फिनिटीवर ठेवावी, कारण साध्या लेन्समध्ये मागची काच त्या वेळी सगळ्यात मागे असते. माउंटच्या कड्यापासून सर्वात मागच्या बिंदूपर्यंत मोजावं. ज्युपिटर-१२ सारख्या रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्याच्या) ३५ मिमी लेन्समध्ये ही काच बरीच आत शिरते. डीएसएलआरवर तिथे आरसा फिरत असतो, मिररलेसवर शटरची पाती आणि सेन्सरभोवतालची चौकट. आत ढकलून मिटवता येणाऱ्या जुन्या लेन्स डिजिटल बॉडीवर कधीही मिटवू नयेत. फिल्म कॅमेऱ्यात त्या नळीला जागा होती, इथे नाही.

४. अपर्चर हलत नाही

लेन्स काढून उजेडासमोर धरावी आणि रिंग फिरवताना पात्यांकडे बघावं. पाती लेन्स हातात असतानाच रेंगाळत असतील किंवा त्यांच्यावर तेलाची झाक असेल, तर अडॅप्टर बदलून काही होणार नाही. पाती चपळ आहेत पण बॉडीवर गेल्यावर हलत नाहीत, तर प्रश्न तरफेचा. ती प्रत्येक माउंटवर वेगळी वागते.

एम४२ : मागे एक पिन असते. दाबली की पाती मिटतात, सोडली की उघडतात. लेन्सवर ‘ए/एम’ खटका असेल तर ‘एम’वर करावा, काम झालं. खटका नसेल तर आतून कड असलेला अडॅप्टर लागतो. ती कड पिन दाबून धरते. बिनकडेच्या अडॅप्टरवर अशी लेन्स कायम उघडी राहते. कड फार वर आली असेल तर पिन मुळापर्यंत दाबली जाते, आणि काही लेन्समध्ये त्यामुळे फोकस रिंगच जड होते. अडॅप्टरवर घट्ट आणि हातात मऊ फिरणारी फोकस रिंग दिसली की ग्रीसला दोष देऊ नये, पिन बघावी.

कॅनन एफडी : लेन्स कॅमेऱ्याबाहेर असताना रिंगचं ऐकत नाही, तरफ अडॅप्टरने ढकलावी लागते. त्यासाठी अडॅप्टरवर स्वतंत्र कडं असतं. बहुतेकांवर त्याच्या दोन जागा ‘ओपन’ आणि ‘लॉक’ अशा कोरलेल्या असतात. ‘ओपन’वर ठेवून लेन्स बसवायची आणि मग ‘लॉक’कडे न्यायचं. उलट क्रमाने केलं तर अडॅप्टरची पिन तरफेच्या चुकीच्या बाजूला जाते आणि रिंग कितीही फिरवा, पाती हलत नाहीत. अपर्चर रिंग हिरव्या ‘ए’ खुणेवर अडकलेली नाही ना, तेही बघावं.

निकॉन एफ : उलटा स्वभाव. सुटी लेन्स रिंगवर जेवढं ठरवलं तेवढी मिटलेलीच असते, म्हणून रिंग असलेल्या जुन्या लेन्सना काही करावं लागत नाही. जी प्रकारच्या लेन्सना रिंगच नसते. साध्या अडॅप्टरवर त्या सगळ्यात बारीक छिद्रावर राहतात आणि फोटो काळाकुट्ट येतो. त्यांच्यासाठी स्वतःची रिंग असलेला अडॅप्टर घ्यावा. त्या रिंगवर एफ-आकडे नसतात, नुसत्या रेघा असतात आणि त्या स्टॉपशी जुळतीलच असं नाही, म्हणून उजेड बघून चालावं. ई प्रकारचं विद्युतचुंबकीय अपर्चर मेकॅनिकल अडॅप्टरवर ताब्यात येतच नाही. रिंग असलेली सीपीयू (आत चिप असलेली) लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावल्यावर ‘एफईई’ लुकलुकलं, तर दुरुस्ती एवढीच : रिंग सर्वात बारीक आकड्यावर नेऊन लॉक करायची.

कॅनन ईएफ : १९८७ पासूनच्या या माउंटवर अपर्चर पूर्णपणे विजेवर चालतं. साध्या अडॅप्टरवर ते उघडंच राहतं. कॅननच्या डीएसएलआरवर अपर्चर ठरवून, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून ठेवून लेन्स काढली की पाती तिथेच थांबतात. युक्ती चालते, पण प्रत्येक बदलाला दुसरी बॉडी जवळ हवी. एसटीएमसारख्या लेन्समध्ये फोकस रिंगही विजेवरच चालते, म्हणजे तिथे फोकससुद्धा नाही. इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर घेणंच बरं. ईएफ ते आरएफ या जोडीत मात्र फारसं काही बिघडत नाही, कारण अडॅप्टर म्हणजे २४ मिमी नळी आणि सरळ पुढे गेलेले संपर्क, भाषा दोन्हीकडे एकच.

ऑटोफोकसबद्दल एवढंच. निकॉनच्या एफटीझेड आणि एफटीझेड-२ या एफ ते झेड अडॅप्टरांमध्ये लेन्सचा फोकस-स्क्रू फिरवणारी मोटर नाही. बॉडीच्या मोटरवर चालणारी एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस करावी लागते, स्वतःची मोटर असलेली एएफ-एस चालते. हा बिघाड नव्हे. चालणारी लेन्स मधूनच बंद पडत असेल तर संपर्कांवरून कोरडं, धागे न सुटणारं कापड फिरवावं. डाग हटला नाही तर कापडाच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब. खोडरबर नको, त्याचा चुरा माउंटमध्ये पडतो.

५. इन्फिनिटी

सर्वाधिक तक्रारी याच दोषाच्या, आणि गैरसमजही इथेच.

चाचणी पूर्ण उघड्या अपर्चरला घ्यावी. एफ/२ ला फोकसमधली सूट जेमतेम ०.०६ मिमी इकडे, ०.०६ मिमी तिकडे असते; एफ/८ ला ती चौपट होते. म्हणून ‘एफ/८ ला सगळं ठीक’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. लक्ष्य म्हणून तारा किंवा चंद्र उत्तम. दिवसा घ्यायचं तर तापलेल्या जमिनीवरून बघू नये, हवा थरथरते. फोकस पीकिंगच्या रंगीत रेषांवर विसंबू नये, जुन्या लेन्सच्या मऊ कडांवर त्या फसतात. चित्र सर्वात जास्त मोठं करून, ट्रायपॉडवर.

निकाल तीनपैकी एक येतो. रिंग शेवटच्या टोकावर असताना तारा बारीक झाला, तर अडॅप्टर अचूक. टोकाच्या आधीच बारीक होऊन पुढे फुगला, तर अडॅप्टर जरुरीपेक्षा पातळ. टोकावर पोचूनही बारीक होत नसेल, तर अडॅप्टर जाड आहे किंवा लेन्सचा टोकाचा थांबा सरकला आहे.

पातळ असणं हा बहुतांशी मुद्दाम ठेवलेला गुण आहे. बनवणारा थोडी सूट ठेवतो, कारण पातळ अडॅप्टरवर इन्फिनिटी मिळते, जाडवर मिळतच नाही. लांब टेलिफोटो तर मुळातच इन्फिनिटीच्या पलीकडे फिरतात, तापमानाने नळी लांब-आखूड होते म्हणून. तिथे काहीही दुरुस्त करायचं नसतं.

जाडी किती चुकली, हे कॅलिपरशिवायही कळतं. सूत्र सोपं : फोकल लांबीचा वर्ग भागिले अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तारा शार्प झाला तेव्हा ५० मिमी लेन्सची रिंग १० मीटर दाखवते आहे असं धरा. २५०० भागिले १०,००० म्हणजे ०.२५ मिमी. त्याच अडॅप्टरवर २८ मिमी लेन्स लावली आणि तारा ३ मीटरच्या खुणेवर शार्प झाला. ७८४ भागिले ३००० म्हणजे ०.२६. दोन वेगळ्या लेन्स, चूक तीच : दोषी अडॅप्टर, लेन्सला हात लावायचा नाही. आकडे दूरचे आले तर दोनपैकी एका लेन्सचा थांबा हललेला आहे.

जाड अडॅप्टरचा त्रास किती हेही याच सूत्राने कळतं. ०.१ मिमी जास्त जाडीने २८ मिमी लेन्सचा लांबचा फोकस सुमारे ८ मीटरवर थांबतो, ५० मिमीचा २५ मीटरवर, १३५ मिमीचा १८० मीटरच्या आसपास. म्हणूनच एकच अडॅप्टर टेलिफोटोवर झकास वाटतो आणि वाइडवर निकामी.

पातळ अडॅप्टर कधी खुपतो? तीन ठिकाणी. रिंगवरच्या अंतरावर भिस्त ठेवून फोकस करणाऱ्यांना. तरंगत्या घटकांच्या (फोकसबरोबर आतल्या भिंगांमधलं अंतर बदलणाऱ्या) वाइड लेन्सना, कारण तारा ३ मीटरच्या खुणेवर शार्प होत असेल तर आतली भिंगंही ३ मीटरच्या रचनेत असतात आणि कोपरे बिघडतात. आणि जुन्या झूमना : लांबच्या टोकाला फोकस करून मागे आल्यावर चित्र धूसर होण्याचं कारण बहुतेकदा हेच. समोरची भिंगं सरकवून जाडीतली चूक एका फोकल लांबीला भरून निघते, दुसऱ्या फोकल लांबीला त्याच सरकण्याचा परिणाम वेगळा होतो. अशा झूमचं ‘अलाइनमेंट’ करून घेण्याआधी अडॅप्टर मोजावा.

६. कॅलिपर आणि शिम

०.०२ मिमी दाखवणारा व्हर्नियर किंवा डिजिटल कॅलिपर लागतो. बॉडीला टेकणाऱ्या पृष्ठापासून लेन्स टेकते त्या पृष्ठापर्यंत मोजावं. बाहेरची शोभेची कड मोजली की सगळं चुकतं. चार बाजूंना चार मापं. सरासरी वजाबाकीशी ताडून बघावी, आणि चार मापांतला आपसातला फरक ०.०२ च्या आत आहे का ते पाहावं.

अडॅप्टर पातळ आहे आणि दोन तुकड्यांचा आहे, म्हणजे बॉडीकडची चकती चार ते सहा स्क्रूंनी बसवलेली आहे, तर त्या चकतीखाली शिम घालता येते. पितळेची ०.०५ किंवा ०.१ मिमीची पट्टी मिळाली तर उत्तम. कॅप्टॉन टेपही (पातळ प्लास्टिकची चिकटपट्टी) चालतो. त्याची जाडी चिकट थरासह मोजून घ्यावी. पातळ वस्तूची जाडी मोजायची रीत : दहा थर एकावर एक ठेवून मोजायचे आणि दहाने भागायचं. चूक ०.२५ असेल तर ०.२० च भरावी. उरलेली ०.०५ तापमानासाठी आणि पुढच्या लेन्ससाठी.

शिम पूर्ण कडीच्या आकाराची कापावी. तुकडेच टाकायचे तर प्रत्येक स्क्रूखाली, सारख्या थरांचे. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा घट्ट करत जावं, मग पुन्हा चार बाजूंनी मोजावं. स्क्रूच्या डोक्यात नीट बसेल असंच टोक वापरावं. जपानी बनावटीच्या स्क्रूंवर साधं फिलिप्स टोक घसरतं आणि डोकं खातं. त्यांच्यासाठी जेआयएस (जपानी मानकाची) टोकं वेगळी मिळतात.

अडॅप्टर जाड असेल तर पॉलिश पेपरवर घासून पातळ करण्याच्या फंदात पडू नये. हाताने घासताना एक बाजू हमखास जास्त जाते, आणि जाडीच्या दोषाच्या जागी तिरपेपणाचा येतो, जो जास्त वाईट. सरळ बदलून घ्यावा. फोकल रिड्यूसर (फोकल लांबी कमी करणारी काच असलेला अडॅप्टर) असेल तर गोष्ट निराळी : अनेकांमध्ये काचेचा गट आट्यांवर बसवलेला असतो आणि एक बारीक स्क्रू सैल करून तो आत-बाहेर फिरवता येतो. एका वेळी अष्टमांश फेरा, मग ताऱ्यावर चाचणी. आत जास्त फिरला तर काच सेन्सरच्या दिशेने सरकते, हे ध्यानात ठेवून.

७. एक बाजू मऊ

सगळं दूर असलेलं दृश्य निवडावं. एकच बारीक तपशील, उदाहरणार्थ लांबच्या टॉवरचं टोक, फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आणून चार फोटो घ्यावेत. दोन वेगळ्या लेन्सना तोच कोपरा मऊ : अडॅप्टर तिरपा. अडॅप्टर बदलूनही एकाच लेन्सचा तोच कोपरा मऊ : लेन्सचं एखादं भिंग सरकलेलं. बॉडीच्या मूळ लेन्सवरही तेच : बॉडीचा माउंट किंवा सेन्सर. जड लेन्स लावून ट्रायपॉड बॉडीला जोडला असेल तर वजनानेही अडॅप्टर वाकतो. लेन्सच्या किंवा अडॅप्टरच्या पायावर भार द्यावा आणि मगच निष्कर्ष काढावा.

चारही कोपरे सारखेच विस्कटलेले आणि कडांना जांभळट छटा, लेन्स रेंजफाइंडरची वाइड, तर अडॅप्टर निर्दोष आहे. सेन्सरवरच्या काचेचा थर हे कारण. लायकाच्या डिजिटल एम बॉडीत तो एक मिमीपेक्षा पातळ असतो, बहुतेक मिररलेसवर दोनच्या आसपास, मायक्रो फोर थर्ड्सवर चारच्या. या लेन्समधून कोपऱ्यांकडे जाणारे किरण फार तिरपे असतात आणि काचेतून ते सरकतात. एफ/८ ला थोडं सुधारतं. रंगछटा पांढऱ्या पृष्ठाच्या संदर्भ फोटोने नंतर काढता येते. एसएलआरसाठी बनलेल्या वाइड लेन्सना हा त्रास बराच कमी होतो.

८. मधला धुरकट ठिपका

अडॅप्टरची आतली भिंत चकचकीत असली की सेन्सरवरून आणि कडेने आलेला उजेड तिथून उसळतो. लेन्स काढून अडॅप्टरच्या तोंडातून तिरप्या उजेडात बघितलं की चमकणारा पट्टा लगेच दिसतो. मखमली काळी चिकटपट्टी किंवा मॅट काळा रंग हा त्यावर उपाय. पट्टी मापाने कापावी. आत लोंबली तर कोपरे काळे होतात. रंग पूर्ण वाळल्याखेरीज बॉडीवर चढवू नये. एम४२ साठीच्या आतल्या कडेची धार सर्वांत जास्त चमकते, तिला विसरू नये.

फोटोभर पिवळी झाक असेल तर ते वेगळंच प्रकरण. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीसारख्या काही लेन्समध्ये थोरियमची, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी, काच आहे, ती वर्षांनुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ठेवली की झाक उतरते. अशी काच घासू किंवा फोडू नये, बाकी वापराला हरकत नाही.

इथे थांबा

- लेन्स अडॅप्टरवर अडकली आहे आणि हाताच्या जोराने सुटत नाही. पक्कड लावली की लेन्सचा माउंट आणि अडॅप्टर दोन्ही जातात. बॉडीपासून अडॅप्टरसकट वेगळी होत असेल तर तशीच काढून द्यावी.
- पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीवर रिकोहची रिकेनॉन पी लेन्स अडकली आहे. तिची जादा पिन बॉडीतल्या फोकस-स्क्रूच्या भोकात पडलेली असते. उलटसुलट फिरवून ती आणखी रुतते.
- माउंटमध्ये धातूचा चुरा दिसतो आहे. आधी बॉडी तोंड खाली करून ठेवावी, लेन्स लावू नये. चुरा सेन्सरवर गेला तर हवेच्या फुग्यापलीकडे काही करू नये.
- काहीतरी आत टेकल्याचा आवाज आला, किंवा शटर अर्धवट थांबलं.
- संपर्काची पिन वाकली किंवा आत रुतली.
- पात्यांवर तेल आहे. ते उतरवायला पाती सुटी करावी लागतात आणि ती परत बसवणं हे सरावाचं काम.
- दोन अचूक अडॅप्टरांवर त्याच लेन्सचा इन्फिनिटी थांबा चुकतो. काही लेन्समध्ये फोकस रिंगच्या रबराखाली तीन बारीक स्क्रू असतात आणि ते सैल करून थांबा हलवता येतो. पण हेलिकॉइड (फोकस हलवणारी आटेदार नळी) उघडायची वेळ आली तर थांबावं. त्याच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात; चुकीच्या सुरुवातीवर बसवलं तर लेन्स पूर्वी होती त्याहून वाईट होते.

दुरुस्तीला देताना लेन्स एकटी देऊ नये. अडॅप्टर सोबत द्यावा, आणि शक्य असेल तर बॉडीही. अडॅप्टरची मोजलेली जाडी, तारा कोणत्या खुणेवर शार्प होतो तो आकडा आणि पूर्ण उघड्या अपर्चरचे चार कोपऱ्यांचे फोटो सोबत जोडावेत. कारागिराला लेन्स तिच्या मूळ फ्लँज-अंतरावर बसवायला सांगावं, आपल्या अडॅप्टरशी जुळवून नव्हे. एका चुकीच्या अडॅप्टरशी जुळवलेली लेन्स पुढे प्रत्येक बरोबर अडॅप्टरवर चुकते.